उद्यमनगरातलं बोअरिंग आणि क्रँकचं काम: कास्ट आयर्न बुलेटवाल्यांसाठी परीक्षण

जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० घरच्या गॅरेजमध्ये उभी करायची म्हटलं तर बहुतेक कामं घरीच होतात. वायरिंग, ब्रेक, चाकांच्या तारा, क्लच, कार्ब्युरेटर, टाकीचा गंज, रंगाआधीची घासाई, सगळं. दोन कामं मात्र घरी होत नाहीत: ब्लॉकला बोअर मारणं (सिलिंडरचं झिजलेलं भोक नव्याने कापून गोल करणं), आणि क्रँक (पिस्टनची वर-खाली चाल फिरतीत बदलणारा शाफ्ट) उघडून परत बांधणं. यासाठी मशीन शॉप गाठावंच लागतं. पश्चिम महाराष्ट्रात अशा वेळी पहिलं नाव निघतं ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरचं. फाउंड्री, ऑइल इंजिन आणि पंप यांच्या कामांवर वाढलेला हा भाग. इथल्या मिस्त्रींच्या हाताखालून बिडाचे इतके ब्लॉक गेलेले असतात की बुलेटचा ७० मिमीचा बोअर त्यांना नवा नसतो. बेळगावच्या उद्यमबागेतही असंच काम मिळतं.

हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही. या भागात जॉबवर्क म्हणून जी सेवा मिळते, तिचं आहे. निकाल आधीच सांगतो. बोअरिंग आणि होनिंग (बोअरची दगडाने शेवटची घासाई): उत्तम, डोळे झाकून नव्हे पण मनापासून शिफारस. क्रँक: चांगलं, पण डायल गेज लावून रनआउट (शाफ्ट फिरताना किती डगमगतो ते) समोर दाखवणाऱ्याकडेच द्यावं. हेडचं काम: मध्यम, निम्मं घरी केलेलं बरं. आटे दुरुस्ती: सावध राहावं. आणि या सगळ्याला पर्याय म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारं तयार ब्लॉक-पिस्टन किट: मूळ ब्लॉक फुटला असेल तरच.

काम द्यायच्या आधी

इंजिन ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. २०१० च्या सुमारास कंपनीने हे इंजिन बंद केलं, त्यामुळे जुना मूळ ब्लॉक हातात असेल तर तो जपण्यासारखा आहे. ओतकाम होऊन वर्षानुवर्षं तापून-निवून बीड स्थिरावलेलं असतं. नव्याने बोअर मारला की तो गोल राहतो.

ब्लॉक उतरवल्यावर आधी स्वतः मोजायचं. ५० ते १५० मिमीचा बोअर गेज आणि ५० ते ७५ मिमीचा मायक्रोमीटर एवढं पुरतं. मिटुटोयो असेल तर छान, बेकरचा डायल असलेला गेजही या कामाला भरवशाचा आहे. तीन उंचींवर मोजायचं: वरच्या काठापासून साधारण १० मिमी खाली, मध्यावर आणि तळाशी. प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकदा गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या आडव्या पिनच्या) रेषेत आणि एकदा तिच्या काटकोनात. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगच्या टप्प्यात, काटकोनाच्या दिशेला सापडते, कारण स्फोटाचा दाब पिस्टनला त्या बाजूला रेटत असतो. तळाचा भाग जवळजवळ कोरा असतो, त्यावरून ब्लॉक सध्या कितव्या साइजला आहे ते कळतं. वर आणि खाली यांतला फरक ०.१० मिमीच्या पुढे गेला असेल तर नुसत्या नव्या रिंगा टाकण्यात अर्थ नाही. अशा बोअरमध्ये रिंग प्रत्येक फेरीला उघडते-मिटते, तेल वर चढतं आणि थोड्याच दिवसांत गाडी परत निळा धूर मारायला लागते.

पुढचा नियम मोडू नये: पिस्टन आधी, बोअर नंतर. पिस्टन विकत घ्यायचा, मोजायचा, आणि तोच पिस्टन ब्लॉकसोबत मिस्त्रींच्या हातात द्यायचा. साइज ०.२५ च्या पटीत असतात, ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. काही डब्यांवर इंचातले आकडे असतात. तिथे ०२० म्हणजे ०.५०८ मिमी आणि ०४० म्हणजे १.०१६ मिमी. ‘पन्नास’ आणि ‘ट्वेंटी’ एकच समजून बोअर मारला तर ०.००८ मिमीचा फरक पडतो. तो एरवी किरकोळ वाटेल, पण एकूण क्लिअरन्सच (पिस्टन आणि बोअर यांतली फट) ०.०८ ते ०.१० मिमी असताना त्यातला दहावा हिस्सा असा उगाच जाऊ देऊ नये.

पिस्टन मोजायची जागाही ठरलेली आहे: स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) तळापासून १०-१२ मिमी वर, पिनच्या काटकोनात. पिस्टन गोल नसतो, किंचित अंडाकृती असतो आणि वर निमुळता होत जातो. माथ्याजवळ मोजलेला आकडा मिस्त्रींना सांगितला तर बोअर घट्ट बसणार हे नक्की. पिस्टन आणि ब्लॉक एकाच खोलीत रात्रभर ठेवून सकाळी मोजावेत. ७० मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन दहा अंशांच्या फरकाने शतांश मिलिमीटरहून थोडा जास्तच बदलतो, बीड त्याच्या निम्म्याने. उन्हात ठेवलेल्या डिकीतून काढून लगेच मोजलेल्या पिस्टनच्या मापावर विसंबू नये.

ब्लॉकवर आधी पावडर कोटिंग करून घेणारे बरेच भेटतात. ते कामच उलटं आहे. मशीनवर ब्लॉक बसतो तो तळाच्या फ्लँजवर (सपाट कडेवर). त्या फ्लँजवर रंगाचा पापुद्रा, जुन्या पॅकिंगचा तुकडा किंवा हातोडीचा ओरखडा राहिला की बोअर तिरका होतो. फ्लँज स्क्रेपरने साफ करून सपाट काचेवर बारीक एमरी ठेवून हलकेच फिरवून बघावी, चमक सगळीकडे सारखी यायला हवी. ब्लॉकला रंग द्यायचाच तर तापमान सोसणारा काळा रंग, तोही बोअरिंगनंतर, पातळ हातांनी. जाड पावडर कोटिंग ब्लॉकच्या पंख्यांवरून (बाहेरच्या पातळ फिन्सवरून) उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ते महागात पडतं.

बोअरिंग आणि होनिंग

उद्यमनगरच्या सेवेचं खरं बळ इथे आहे. चांगला मिस्त्री बोअरिंग बार ब्लॉकच्या तळाशी, न झिजलेल्या भागात सेंटर करतो. झिजलेल्या वरच्या तोंडाशी सेंटर केलं तर बोअर झिजेच्या बाजूला सरकतो आणि क्रँकच्या मध्यापासून ढळतो. ‘सेंटर कुठून घेणार?’ एवढा एक प्रश्न विचारला की समोरचा माणूस कसा आहे ते समजतं. उत्तर लगेच आणि बरोबर आलं तर ब्लॉक ठेवून निर्धास्त घरी जावं.

टूलने शेवटच्या मापापर्यंत कधीच कापायचं नसतं. शेवटचे ०.०४ ते ०.०५ मिमी होनिंगसाठी राखून ठेवायचे. टूलच्या कापामुळे पृष्ठभागावर फाटलेल्या, सैल कणांचा थर राहतो, तो दगडाने निघाला नाही तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये रिंगा तो खरवडतात आणि ते सगळं तेलात जातं. होनचा दगड साध्या बिडाच्या किंवा क्रोम रिंगांना साधारण २२० ते २८० ग्रिट. बोअरवर फुलीसारख्या तिरप्या रेषा दिसायला हव्यात, एकमेकींना साधारण ४५ ते ६० अंशांत छेदणाऱ्या. त्या रेषांत तेल टिकतं. आरशासारखा चकचकीत बोअर बघून खूश होऊ नये. त्यात रिंगा बसत नाहीत, आणि दोन हजार किलोमीटरनंतरही गाडी तेल पीत राहते.

सरासरी दुकानात राहून जाणारी एक गोष्ट म्हणजे तळाच्या आणि वरच्या कडेचा चॅम्फर (तिरपा उतार). बोअर मोठा झाला की जुना उतार जवळजवळ संपतो, कडा धारदार होते आणि ब्लॉक खाली सरकवताना ऑइल रिंग तिथे अडकून तुटते. चॅम्फर मागून घ्यायचा. नसेल केला तर घरी अर्धगोल कानशीने, मग बारीक एमरीने.

ब्लॉक परत मिळाल्यावर पैसे द्यायच्या आधी तिथेच गेज लावावा. कोणीही चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही, उलट स्वतःचा गेज काढून देतो. तीन उंची, दोन दिशा, सहा आकडे. गोलाई आणि टेपर (वरच्या-खालच्या मापांतला फरक) दोन्हींतला फरक ०.०१ मिमीच्या आत असला की काम पहिल्या प्रतीचं. ०.०२ पर्यंत चालवून घेता येतं. त्यापुढे नम्रपणे होन पुन्हा फिरवून मागावा. क्लिअरन्स पिस्टनच्या डब्यावर छापलेला असेल तर तोच खरा, नसेल तर ०.०८ ते ०.१०.

पुढचं काम पूर्णपणे घरचं, आणि यात आळस झाला तर मिस्त्रींची सगळी मेहनत वाया जाते. होनिंगची भुकटी पेट्रोलने किंवा रॉकेलने निघत नाही. ती रेषांत रुतून बसते, रॉकेल फक्त वरचं तेल नेतं. गरम पाणी, कपड्याची साबण पावडर आणि नायलॉनचा ब्रश घेऊन बोअर घासायचा, पांढरं सुती फडकं फिरवल्यावर करडा डाग येणं थांबेपर्यंत. मग लगेच कोरडा करून तेलाचा हात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कोरडं बीड तासाभरात तांबूस पडतं.

रिंगा बसवण्याआधी प्रत्येक रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेजने गॅप मोजावा. ७० मिमीला ०.२५ ते ०.४० मिमी. कमी असेल तर टोकं बारीक कानशीने, बाहेरून आत घासत वाढवायची. हा गॅप कमी राहिला तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला फुगायला जागा राहत नाही आणि बोअरवर उभे ओरखडे पडतात.

बोअर १ मिमीच्याही पुढे गेला असेल तर लायनर (बोअरच्या आत बसणारी नळी) टाकून परत स्टँडर्डवर आणता येतं. हे काम इथे छान होतं, फक्त साधा सरळ लायनर नको म्हणावं. वर कॉलर असलेला किंवा तळाशी पायरी असलेला मागावा. सरळ लायनर तापल्यावर, ब्लॉक फुगला की, खाली सरकू शकतो.

तयार किटबद्दल

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या करोल बागेत, नवा ब्लॉक, पिस्टन, रिंगा, पिन, सर्कलिप असं सगळं एका खोक्यात मिळतं. वेळ वाचतो, दिसायला नवं असतं, आणि म्हणून मोह पडतो. त्यातला पिस्टन चांगल्या कंपनीचा असू शकतो, ब्लॉकबद्दल मात्र मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नये. ताजं ओतलेलं बीड स्थिरावायच्या आधीच मशीनवर गेलेलं असेल तर पहिल्या काही तापण्या-निवण्यांत बोअर आकार सोडतो. शिवाय बुलेटच्या या ब्लॉकमध्ये पुशरॉडचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचा) बोगदा ब्लॉकमध्येच ओतलेला असतो. वरचा आणि खालचा पृष्ठभाग सपाट नसेल तर त्या बोगद्याच्या कडेने तेल झिरपतं, आणि मग सिलिकॉनचे थर चढवत बसावं लागतं. किट घेतलंच तर तेही मोजून, गरज पडली तर होन फिरवूनच वापरावं. म्हणजे लेथवाल्याची वारी चुकत नाहीच. या एका कारणासाठीच मी किटच्या बाजूने बोलत नाही.

क्रँक

बुलेटचा क्रँक तुकड्यांचा असतो: दोन फ्लायव्हील, मध्ये क्रँकपिन, दोन्ही बाजूंचे शाफ्ट. जुन्या गाड्यांत बिग एंडला (रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाला) फ्लोटिंग बुश असतो, म्हणजे पिन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये मोकळा फिरणारा बुश. रोलर बेअरिंगचा रॉडही बाजारात मिळतो. मूळ फ्लोटिंग बुश वाईट नाही. हळू, भरल्या आवाजात चालणाऱ्या गाडीला तो पुरतो, पण त्याला तेल अखंड लागतं. रोलर कमी तेलावरही तग धरतो. रोज लांब पल्ला मारायचा असेल तर रोलर घ्यावा. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर चांगल्या प्रतीचा फ्लोटिंग बुश आणि स्वच्छ तेल.

क्रँक उघडायचा की नाही हे ठरवताना रॉड वरच्या बिंदूवर ठेवून सरळ वर-खाली ओढून बघावं. बाजूला हलणं चालतं, वर-खाली खडखड चालत नाही. फ्लोटिंग बुशमध्ये आत एक आणि बाहेर एक अशा दोन फटी असल्याने रोलरपेक्षा किंचित जास्त सैलपणा जाणवतो. अनुभव नसलेले लोक याच कारणाने चांगला क्रँक उगाच उघडतात.

क्रँकपर्यंत पोचताना टायमिंगच्या बाजूला ऑइल पंप फिरवणारा वर्म नट असतो. त्याचे आटे उलटे आहेत. नेहमीच्या दिशेने जोर लावला की तो आणखी आवळतो आणि शेवटी शाफ्टचे आटे जातात. खोलण्यासाठी घड्याळाच्या दिशेने फिरवायचा.

प्रेसवर पिन काढणं आणि घालणं उद्यमनगरातल्या कुठल्याही दुकानात होतं. ट्रूइंग, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं, हे मोजक्याच लोकांना जमतं. क्रँक सेंटरमध्ये किंवा बेअरिंगच्या जागांवर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून दोन्ही बाजूंना डायल लावतात. एकूण काटा ०.०५ मिमीच्या आत हवा, ०.०२-०.०३ आला तर फार सुंदर काम झालं म्हणायचं. फ्लायव्हील एकमेकांच्या तुलनेत पिळली गेली असतील तर पिनच्या काटकोनात, कडेवर तांब्याच्या हातोडीने ठोकून आणतात. पिनच्या समोरच्या बाजूला चाकं जवळ आली असतील तर तिथे पाचर मारून उघडतात, फाकली असतील तर क्लॅम्पने दाबतात. हे सगळं ज्याच्या हातात आहे तो माणूस डायल वाचता वाचता कुठे ठोकायचं ते बोलून दाखवतो. जिथे ‘प्रेसवर सरळच बसतो, डायलची गरज नाही’ असं ऐकू येईल, तिथून क्रँक उचलून आणावा. ०.१५ मिमी काटा असलेल्या क्रँकने गाडी सुरू होते, चालतेही. पण ६० च्या पुढे हँडल आणि फुटरेस्ट थरथरतात, मेन बेअरिंग लवकर जातात आणि प्रायमरी चेनचा ताण प्रत्येक फेरीत बदलत राहतो.

परत घेताना तीन तपासण्या. पहिली, डायलचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी. दुसरी, रॉडचा सरळपणा: लहान टोकाच्या बुशमध्ये लांब पिन घालून ती शाफ्टला समांतर आहे का ते दोन्ही बाजूंना मोजून बघायचं. तिसरी बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची: टायमिंग बाजूच्या शाफ्टच्या टोकातून ऑइल कॅनने तेल दाबायचं आणि ते बिग एंडमधून बाहेर येतं का ते बघायचं. तेलाची वाट जुन्या गाळाने किंवा कामातल्या चुऱ्याने बुजलेली असली तर नवा बुश काही मिनिटांत जळतो. याच वाटेवर टायमिंग कव्हरमध्ये एक छोटा कॉर्कचा सील आहे, पंपाचं तेल त्यातून शाफ्टमध्ये जातं. इंजिन बांधताना दरवेळी तो नवाच टाकावा. तो सैल असला तर तेल शाफ्टमध्ये न जाता बाजूने निसटतं. परतीचं तेल मात्र तेलाच्या टाकीत पडताना दिसत राहतं, म्हणून आपल्याला वाटतं पंप चांगला आहे.

पिस्टन बदलताना जुना आणि नवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, पिन-रिंगांसकट, वजन करून बघावा. फरक मोठा असेल तर फ्लायव्हीलचा तोल ढळतो आणि थरथर वाढते. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचा पिस्टन शोधणं हे फ्लायव्हीलला भोकं पाडत बसण्यापेक्षा सोपं आहे.

हेड आणि आटे

व्हॉल्व्हच्या सीट कापण्यात घाई दिसते. ४५ अंशांची सीट साधारण दीड मिमी रुंद हवी. पुष्कळदा ती रुंद आणि खोल कापून मिळते, व्हॉल्व्ह आत बुडतो आणि पुढच्या दुरुस्तीला जागा उरत नाही. गाइड बसवणं आणि रीमर फिरवणं बाहेर द्यावं. सीट फार खराब नसेल तर लॅपिंग पेस्ट आणि रबरी कांडी घेऊन घरीच घासावं. सीटवर सलग करडी रेघ आली की पोर्टमध्ये रॉकेल भरून दहा मिनिटं ठेवायचं, चेंबरमध्ये थेंब उतरला नाही तर काम झालं.

आट्यांबद्दल इशारा गंभीर आहे. जुन्या बुलेटवर ब्रिटिश आटे आहेत, बीएसएफ आणि सायकल थ्रेड, आणि नंतरच्या गाड्यांत मधूनमधून मेट्रिक. ५/१६ बीएसएफला इंचाला २२ आटे, व्यास ७.९४ मिमी. एम८ ला १.२५ मिमी पिच, म्हणजे इंचाला साधारण २०. दोन्ही बोल्ट दिसायला सारखे. एम८ चा बोल्ट बीएसएफच्या भोकात दोन-तीन आटे जातो, मग जोर लावावा लागतो, आणि ॲल्युमिनियमचे आटे खरवडून निघतात. दुकानात सरळ एम८ चा टॅप मारून देण्याची सवय आहे. त्यापेक्षा त्याच मूळ आट्याचा हेलिकॉइल (भोकात बसवायची तारेच्या आट्यांची गुंडाळी) बसवून मागावा, नाही मिळाला तर स्टड दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आट्यांचा करून घ्यावा. लेथवाल्याला ते सहज जमतं.

क्रँककेसला वेल्डिंग करायची वेळ आली तर इंजिन नंबरच्या जागेला ग्राइंडर लागू देऊ नये. हे तोंडी सांगून भागत नाही, तिथे टेप लावून वर पेनने लिहावं. नंबर अस्पष्ट झाला तर आरटीओत नोंदणीच्या नूतनीकरणाला अडचण येते, आणि पन्नास वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर मूळपणाचा प्रश्न थेट उभा राहतो.

सीझ झालं तर दोष कोणाचा

बोअर मारल्यावर इंजिन पकडलं की दोष लेथवाल्यावर जातो. बऱ्याचदा तो त्याचा नसतो. पिस्टन बाहेर काढला की खुणा बोलतात. पिनच्या दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांत घासल्याचे चट्टे असतील तर क्लिअरन्स कमी होता किंवा थंड इंजिनाला लगेच पळवलं. एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली चट्टा असेल तर रॉड वाकडा आहे किंवा बोअर तिरका, म्हणजे फ्लँज आणि रॉड दोन्ही तपासायचे. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असेल तर मिश्रण पातळ होतं किंवा इग्निशन पुढे होतं. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा शिरते का ते बघावं, पॉइंटचा (इग्निशनच्या उघड-मिट होणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आहे का ते मोजावं, आणि ॲडव्हान्स मिटलेला असताना पॉइंट टॉप डेड सेंटरच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या बिंदूच्या) ०.८ मिमी आधी उघडतात का ते पिस्टनवर मोजून बघावं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, तेल भरून किक मारत राहायचं, परतीचं तेल तेलाच्या टाकीत पडताना दिसेपर्यंत. २०डब्ल्यू-५० चं साधं मिनरल तेल घ्यावं, सिंथेटिक नको, त्यावर रिंगा बसायला फार वेळ घेतात. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं चालवून पूर्ण निवू द्यायचं, असं काही वेळा. मग हेडचे नट थंड इंजिनावर परत आवळायचे, आणि त्यानंतर पुशरॉड बोटाने मोकळा फिरेल पण वर-खाली हलणार नाही असे टॅपेट लावायचे. पहिलं तेल शंभर-दीडशे किलोमीटरला बदलावं, दुसरं पाचशेला. वेग पाचशे किलोमीटरपर्यंत पन्नासच्या आत, पण एकाच थ्रॉटलवर रखडत ठेवू नये. चढावर थोडा जोर, उतारावर थ्रॉटल बंद, असं चालवलं की रिंगा लवकर बसतात. कोल्हापूर ते पन्हाळा हा रस्ता त्यासाठी अगदी योग्य आहे.

व्यवहाराच्या गोष्टी

बिल वेगवेगळं मागावं: बोअरिंग, होनिंग, क्रँक उघडणं, प्रेस, ट्रूइंग, बुश. एकत्र आकड्यात ट्रूइंग हळूच गळून जातं. ब्लॉकवर मार्करने पिस्टनचं माप आणि हवा तो क्लिअरन्स लिहून द्यावा, कारण काम घेणारा आणि मशीनवर उभा राहणारा हे बहुधा दोन वेगळे लोक असतात. दिलेल्या तारखेला काम मिळेल असं धरून पुढची कामं लावू नयेत. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांची दुरुस्तीची कामं आली की एकट्या बुलेटचा ब्लॉक मागे पडतो, आणि ते समजण्यासारखं आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिलेलं काम जास्त निगुतीने होतं. बाहेरगावाहून पाठवायचं असेल तर ब्लॉक तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, लाकडी खोक्यात पाठवावा. पंख्यांच्या कडा ट्रान्सपोर्टमध्ये फार लवकर तुटतात, आणि तुटलेला बिडाचा पंखा सफाईने जोडून देणारा माणूस मिळणं कठीण. क्रँक मात्र स्वतः घेऊन जावा आणि ट्रूइंग चालू असताना तिथेच थांबावं.

बोअरिंग-होनिंग ५ पैकी ५. क्रँक ५ पैकी ४, डायल दाखवणाऱ्यांकडे. हेड ३. आटे २, हेलिकॉइल मागितला तर ४. तयार किट २.